एकोणीस नंबरची ओळ

"हात काढा त्या बटणावरून! आधी हात काढा, मग बोला."

"अहो बाई, नुसती बंद करून चालू करतोय. दोन मिनिटांत पेटी बोलायला लागेल."

"म्हणूनच म्हणते, हात काढा. पंचनामा झाल्याशिवाय मढं उचलतं का कुणी? बंद केलीत की सगळा पुरावा पुसला. मग तुम्ही म्हणणार तार सैल होती, मी म्हणणार नव्हती, आणि आठवडाभर दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसणार."

चष्मेवाल्यानं हात मागं घेतला. तो पेटीतल्या कार्डांना चालवणारे प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, लिहायचा, कामाला चोख होता, पण मशीन अडलं की त्याचा हात आपसूक बटणाकडे जायचा. बाईनं स्टूल ओढलं, पदर खोचला आणि स्क्रीनसमोर बैठक मारली. तिचं नाव ऑफिसात कुणी घेत नसे. सगळे तिला मोजणीबाई म्हणायचे. कसलीही तक्रार येवो, ही आधी कोड उघडत नाही, वही उघडते. काय किती वेळा झालं ते मोजते, लिहिते, पुन्हा मोजते. नवी माणसं हसायची. जुनी माणसं गप्प राहायची, कारण त्यांनी तिच्या वहीतून काय काय निघतं ते बघितलं होतं.

समोरची पेटी म्हणजे लहान कपाटाएवढा लोखंडी डबा. गावागावांच्या पाणीपुरवठ्याचे पंप आणि व्हॉल्व्ह तिच्यावर चालायचे. जुन्या पेटीत कार्डं बसवायची एकच रांग होती, चार घरांची. नव्या पेटीत वर चार आणि खाली चार. आणि ही नवी पेटी सहा आठवडे सगळ्यांच्या डोक्यावर मिऱ्या वाटत होती. चांगली चालता चालता पाण्याचा दाब मोजणारं कार्ड मुकं व्हायचं. पडद्यावरचा आकडा थिजायचा. मग कुणीतरी झाकण उघडायचं, तारा दाबायचं, बंद करून चालू करायचं, की पुन्हा सुरळीत. दोन तास, कधी दोन दिवस. तारा दाबल्यावर चालते म्हणजे तारा सैल, असा निकाल सगळ्यांनी परस्पर लावून टाकला होता.

तारा जोडायचं काम खालच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये चालायचं. तिथं अकरा बायका होत्या आणि त्यांच्यावर मुख्य होती मोजणीबाईची सख्खी जाऊ, थोरली. साहेबांनी सोमवारीच सांगून टाकलं होतं. गुरुवारच्या बैठकीत ठरवायचं. हॉल बंद करायचा आणि बाहेरून तयार छापील सर्किट-पाट्या आणायच्या. त्यात तार नाही, सैल होणं नाही, कटकट नाही.

आज मंगळवार होता.

आणि या सगळ्यात मोजणीबाईच्या गळ्यात एक हाडूक अडकलं होतं. सहा आठवड्यांपूर्वी पहिली तक्रार आली तेव्हा भर बैठकीत तीच उभी राहून म्हणाली होती, "कर्नेलमध्ये खोट नाही. माझं टेबल मी दोनदा तपासलंय." कर्नेल म्हणजे पेटीचा कारभार बघणारा मूळ प्रोग्राम; तो आणि त्यातलं नोंदींचं टेबल हीच सांभाळायची. चौदा वर्षांत तिच्या टेबलात कुणाला चूक सापडली नव्हती, म्हणून साहेबांनी ते वाक्य तसंच टिपून घेतलं. वर खोट नाही, मग खाली असणार. तिच्या एका वाक्यानं बोट फिरलं आणि थेट जावेच्या हॉलवर जाऊन थांबलं.

"हे बघा," तिनं चष्मेवाल्याला स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं. "एकोणीस नंबरची ओळ. एक लाखावर हाका. आणि खाली काय लिहिलंय?"

"कुणीच दखल घेतली नाही. ओळ बंद केली."

आता हे हाकेचं प्रकरण सरळ आहे. पेटीच्या मेंदूला शंभर कामं असतात. तो काही प्रत्येक कार्डाच्या दारात जाऊन 'तुझं काही काम आहे का' असं विचारत बसत नाही. ज्या कार्डाला काम असेल ते हाक मारतं. हाक तारेवरून येते. अशा चार तारा, चार ओळी, सोळापासून एकोणीसपर्यंत. कर्नेल नावाचा जो कारभारी आत बसलेला असतो त्याच्याकडे एक टेबल असतं, अमक्या घरातल्या कार्डाची हाक तमक्या ओळीवर येईल. हाक आली की त्या ओळीवर ज्यांची नावं आहेत त्या ड्रायव्हरांना तो विचारतो, तुमचं का? कुणीतरी ओ देतो, काम होतं, हाक थांबते. पण कुणीच ओ दिली नाही तर? ते कार्ड बोंबलतच राहतं. कारभारी मोजत असतो. लाख हाकांपैकी नव्याण्णव हजार नऊशे हाकांना कुणी ओ दिली नाही, की तो वैतागून ती ओळच बंद करतो. मग त्या ओळीवर जो दुसरा गरीब बिचारा असेल तोही मुका होतो.

"एकोणीसवर कोण आहे? दाबाचं कार्ड, चौथ्या घरातलं," बाई म्हणाली. "ते शहाण्यासारखं सेकंदाला तीन-चार हाका मारतं. लाख हाका मारायला त्याला आठ-नऊ तास लागतील, आणि त्याच्या प्रत्येक हाकेला ओ मिळते. मग या बेवारशी हाका कुणाच्या?"

"सैल तार फडफडत असेल."

"तुम्हाला पण सैल तारच दिसते. बरं, अठरा नंबर बघा. अठरावर व्हॉल्व्हचं कार्ड आहे, खालच्या रांगेत सहाव्या घरात. किती हाका?"

"शून्य."

"मघाशी लागोपाठ चार वेळा व्हॉल्व्ह फिरला. फिरून झाला की कार्डानं हाक मारायची असते. चार वेळा फिरून तोंडातून शब्द नाही?"

"पण व्हॉल्व्ह चालतोय की व्यवस्थित!"

"चालतोय, कारण तुम्ही हुशार. तुमचा ड्रायव्हर हाकेची वाट बघून कंटाळला की दोन सेकंदांनी स्वतःच दारात जाऊन बघतो. तुमच्या हुशारीनं रोग झाकला गेला."

चष्मेवाला जरा ओशाळला. मग त्यानं आपला उपाय पुढं केला. पेटी सुरू करण्याच्या आज्ञेत एक शब्द वाढवायचा, म्हणजे हाक कुठूनही येवो, कर्नेल सगळ्या ड्रायव्हरांना विचारत सुटेल. कुणीतरी ओ देईलच. गुरुवारच्या आत पेटी चालती होईल.

"आणि पेटी म्हशीसारखी चालेल, ते?" बाई म्हणाली. "शिवाय खोट कुठं होती ते कधीच कळणार नाही. साहेब म्हणतील, तारा वाईट होत्या, कर्नेलनं सांभाळून घेतलं. नाही, बाबा. त्या शब्दानं माझी पेटी चालेल आणि खालच्या अकरा जणी घरी बसतील."

तिनं स्वतःच्या हातानं बंद ओळ पुन्हा उघडली, वहीत आकडे मांडले आणि चष्मेवाल्याला सांगितलं, "आता व्हॉल्व्ह फिरवा. एकदाच."

व्हॉल्व्ह घरघरला आणि थांबला. अठरा नंबर शून्यावरच. एकोणीस नंबर दोन सेकंदांत एकतीस हजारांनी वर.

"पुन्हा."

पुन्हा तेच. अठरा शून्य, एकोणीस तेहेतीस हजार वर. चौथ्या वेळेला लाखाची वेस ओलांडली आणि ओळ बंद. दाबाचं कार्ड मुकं.

"बघितलंत? फडफडणारी तार अशी घड्याळ लावून फडफडते का? व्हॉल्व्ह मुका नाही. तो बोंबलतोय, पण एकोणीसवर बोंबलतोय. आणि माझं टेबल म्हणतंय तो अठरावर आहे. तार घट्ट आहे, चांगली घट्ट आहे. फक्त भलत्याच घरी गेलीय."

चष्मेवाला हळूच म्हणाला, "म्हणजे हॉलचीच चूक की, बाई."

बाईनं वही मिटली. तिला आता खाली जाऊन विचारावं लागणार होतं, आणि हॉलकडचा जिना तेरा पायऱ्यांचाच असला तरी तो ती तीन वर्षांत उतरली नव्हती.

त्याचं असं झालं होतं. मोजणीबाईला या कंपनीत आणलंच मुळी थोरलीनं. लग्न होऊन घरात आली तेव्हा धाकटीकडे बारावीचा कागद आणि बोलायला जीभ, एवढंच भांडवल. थोरली तेव्हाच हॉलमध्ये सात वर्षांची जुनी. तिनं साहेबांना सांगितलं, "माझ्या धाकट्या जावेला काहीतरी काम द्या. घरात बसली तर आम्हाला प्रश्न विचारून विचारून वेडं करील." चाचणीचे आकडे टाइप करायला घेतलं. टाइप करता करता ही विचारायला लागली, हा आकडा इथं का येतो? कुणी सांगेना, तेव्हा तिनं कर्नेलचा कोड कागदावर छापून घेतला आणि जेवणाच्या सुटीत पेन्सिल घेऊन वाचायला बसली. पहिलं वर्ष काही कळलं नाही. दुसऱ्या वर्षी थोडं कळलं. चौथ्या वर्षी वरच्या मजल्यावरचे पदवीवाले तिच्या खुर्चीमागं उभे राहून विचारायला लागले. घरात थोरली पाहुण्यांना सांगायची, "हिला मी लावलं," आणि सांगताना मान अशी ताठ करायची जणू कोड तिनंच लिहिलाय.

मग तीन वर्षांपूर्वी एकदा घरात, भांडी घासता घासता, धाकटी बोलून गेली की हॉलमधल्या कुणीतरी तार उलटी जोडली आणि तिचे दोन दिवस वाया गेले. दोन्ही नवरे ऐकत होते. थोरलीनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "माझ्या हॉलची उणीदुणी माझ्याच मोरीत काढू नकोस," म्हणाली. "आजपासून उंबऱ्याच्या आत ऑफिस नाही." नियम घरापुरता होता, पण हळूहळू तो ऑफिसातही पसरला. काही सांगायचं असेल तर धाकटी चिठ्ठी लिहायची, आराखडेवाले काका ती खाली न्यायचे. घरी एका ताटात जेवतील, एकमेकींच्या पोरांना न्हाऊ घालतील, पण तारेबद्दल एक अक्षर नाही.

बाई जिना उतरली.

हॉलमध्ये अकरा जणी दोन लांब टेबलांवर वाकल्या होत्या. लाल, पिवळ्या, निळ्या, पांढऱ्या तारांच्या जुड्या खिळ्यांवर टांगलेल्या. धाकटीला दारात बघून एकेक हात थांबला. थोरलीनं मान वर न करता विचारलं, "वाट चुकलीस का?"

"नाही, जाऊबाई. एक तार बघायचीय."

"बघ की. गुरुवारपर्यंत फुकट आहे बघायला. नंतर तिकीट लावणारेत म्हणे."

एक-दोघी फिसकन हसल्या. धाकटीनं ते गिळलं. "सहाव्या घराची हाकेची तार कोणत्या रंगाची आहे?"

"पांढरी."

"न बघता सांगता?"

"न बघता पोरांची नावं सांगतेस ना? तशी."

लाल म्हणजे सोळा, पिवळी सतरा, निळी अठरा, पांढरी एकोणीस. धाकटीनं बजर मीटर घेतला, टेबलावरच्या तशाच पेटीत एक टोक सहाव्या घरात, एक पांढऱ्या तारेच्या मुळाशी. मीटर किंचाळला. जोड एकदम पक्का होता. तिनं तार ओढून बघितली, चाळीस तारा ओढून बघितल्या. एकही हलली नाही. सगळ्या जोडांना सोल्डरचा सारखा डाग, सारखी वळणं.

"निळी हवी होती," धाकटी म्हणाली. "मी चिठ्ठी पाठवली होती."

थोरली उठली. भिंतीवरच्या तारेच्या आकड्यात खोचलेल्या कागदांमधून तिनं एक कागद बरोब्बर ओढला आणि टेबलावर आपटला. "वाच. मोठ्यानं वाच, सगळ्यांना ऐकू दे."

धाकटीचंच अक्षर. 'खालची रांग एक घर पुढे घ्या.'

"घेतली," थोरली म्हणाली. "तू सांगितलंस, घेतली. पिवळीपासून सुरू होत होती, ती निळीपासून केली. आता काय पांढरीपासून करू?"

धाकटीच्या कपाळावर आठ्या पडल्या. "पिवळीपासून? तुमची खालची रांग वरच्यासारखी लालपासून सुरू होत नव्हती?"

"कशी होईल? मला काय अक्कल नाही? पहिल्या घरात तुमचं सगळ्यात बडबडं कार्ड येतं. खालच्या रांगेच्या पहिल्या घरात पण तसलंच काहीतरी येणार. दोन बडबड्या बायका एका खाटेवर घातल्या तर तिसरीला झोप लागते का? म्हणून मी नमुना जोडतानाच एक घर पुढे घेतली होती. मग तुझी चिठ्ठी आली. म्हटलं, वरच्या मजल्यावरून आलंय, काहीतरी मोठं गणित असणार. घ्या अजून एक घर."

धाकटी स्टुलावर बसली. हेच गणित करायला तिला तीन दिवस लागले होते. वहीची नऊ पानं, प्रत्येक कार्डाच्या हाका, ओळीओळींची बेरीज, आणि शेवटी निष्कर्ष, की खालची रांग एक घर पुढे घ्यावी. तेच या बाईनं गणित न मांडता, हातात पक्कड धरल्या धरल्या ओळखलं होतं.

"मला विचारायचं तरी!" ती म्हणाली.

"आणि तुला काय झालं होतं? तुला पाय नाहीत?"

धाकटीनं चिठ्ठी उचलून पुन्हा वाचली.

"तुमची तार चुकली नाही, जाऊबाई," धाकटी शेवटी म्हणाली. "माझं टेबल पण चुकलं नाही. चिठ्ठी चुकली. सहाव्याला निळी, असं सरळ लिहायला मला काय धाड भरली होती? कुठून एक घर पुढे, ते मी लिहिलंच नाही. तुमचा हॉल मी न बघताच ओळखते, असं समजून बसले."

"मग आता साहेबांना काय सांगणार?"

"हेच."

थोरलीनं तिच्याकडे रोखून बघितलं. "अगं, चौदा वर्षं तुझ्या नावाला कुणी बोट लावलेलं नाही. तारा चार तासांत बदलते मी. गुपचूप निळीवर घेते. पेटी चालेल, कुणाला कळणार पण नाही."

"पेटी चालेल. पण लोक म्हणतील, बघा, हॉलनं तारा बदलल्या तेव्हा चालली. म्हणजे खोट तारेतच होती. तुम्ही तारेला हात लावायचा नाही. एकीनंही नाही."

गुरुवारी साहेबांनी बैठक घ्यायच्या आधीच धाकटीनं पेटी ढकलत त्यांच्या खोलीत आणली. मागून थोरली, तिच्या मागून चष्मेवाला. साहेब कागद चाळत होते. छापील पाट्यांचे नमुने टेबलावर चकाकत होते.

"साहेब, सहा आठवड्यांपूर्वी मी म्हटलं होतं, कर्नेलमध्ये खोट नाही. तुम्ही लिहून घेतलंय. ते खोडा."

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "म्हणजे तुमच्या टेबलात चूक होती?"

"टेबल तारांशी जुळत नव्हतं, आणि न जुळण्याचं कारण माझी चिठ्ठी. तारा चिठ्ठीबरहुकूम आहेत. एक जोड सैल नाही, हिचेही चाळीसच्या चाळीस मी ओढून बघितलेत. पेटी बंद-चालू केली की मोजणी शून्यावर यायची, म्हणून चालायची. तारा दाबल्यानं नव्हे. आता मी तारांना हात न लावता टेबलात खालच्या रांगेच्या चार नोंदी बदलल्यात. फिरवा हो व्हॉल्व्ह."

चष्मेवाल्यानं व्हॉल्व्ह फिरवला. एकोणीस नंबरवर आता दाब आणि व्हॉल्व्ह दोघांचीही नावं होती. एक हाक वाढली, व्हॉल्व्हच्या ड्रायव्हरनं ओ दिली, हाक थांबली. पुन्हा फिरवला. पुन्हा एकच. काल दिवसभरात दोनशे वेळा फिरवला होता, वहीत दोनशे खुणा होत्या, आणि बेवारशी हाक एकही नव्हती. दाबाचा आकडा पडद्यावर जिवंत हलत होता.

साहेबांनी नोंदवही पुढं ओढली. मग म्हणाले, "दुरुस्तीच्या नोंदीत कारण काय लिहायचं? जुळणीतला दोष, असं मोघम लिहिलं तर चालेल. तुमचं नाव नको यायला."

"मोघम लिहूनच हे झालंय, साहेब. माझं नाव लिहा."

"आणि हॉल?"

थोरली आता पुढं झाली. "हॉलचं मी सांगते. तुमच्या या छापील पाटीत," तिनं एक चकचकीत नमुना दोन बोटांत उचलला, "उद्या हाक भलत्या घरी गेली तर तुम्ही काय कराल? पाटी फेकाल. चाळीस पेट्यांच्या चाळीस पाट्या. आमच्याकडे तार दिसते, साहेब. हातात धरून विचारता येते तिला, कुठं चाललीस म्हणून. सापडली ती म्हणूनच सापडली."

साहेबांनी पाटी तिच्या हातातून घेतली, उलटसुलट केली आणि खणात टाकली. "पण एक अट," म्हणाले. "यापुढं चिठ्ठ्या बंद. प्रत्येक नव्या पेटीला तुम्ही दोघी एकत्र बसून घराघराला ओळ लिहायची, दोघींच्या सह्या."

"माझी आधी," थोरली म्हणाली. "मी थोरली आहे."

जिन्याशी आल्यावर चष्मेवाला पेटी ढकलत पुढं गेला. दोघी जावा मागं राहिल्या. थोरली गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "नऊ पानं लागली तुला?"

"नऊ."

"मला अर्धा चहा लागला." मग एक पायरी उतरून, "पण लाख हाका मोजून त्यातला चोर कोण ते सांगणं मला सात जन्मांत जमलं नसतं. हॉलमधल्या पोरींना एकदा येऊन सांग ते. मी सांगायला गेले तर त्यांना वाटेल थापा मारतेय."

"ऑफिसचं घरात नाही, असा नियम आहे ना?"

"हॉल काय माझं घर आहे?" थोरली फणकारली आणि खाली उतरली. खालून तिचा आवाज आला, "काय गं, हात थांबले सगळ्यांचे? हॉल काही बंद होत नाहीये, लागा कामाला!" आणि मग अकरा जणींचा जो गलका उठला तो वरच्या मजल्यापर्यंत आला.

मोजणीबाई टेबलाशी बसली. दुरुस्ती नोंदवली. कारणाच्या रकान्यात तिनं लिहिलं: 'खालच्या रांगेच्या चारही घरांच्या ओळी प्रत्यक्ष तारांप्रमाणे केल्या. तारा बरोबर होत्या. जोडणीची सूचना मी अर्धवट दिली होती.' खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, एक अक्षरही न गाळता. वाचून बघितलं. एवढ्या वर्षांत तिनं लिहिलेल्या नोंदींत ही सगळ्यात लहान होती, पण तिनं ती चष्मेवाल्याला हाक मारून दाखवली.

"सोन्याच्या फ्रेमीत लावायची का?" तो म्हणाला.

"लावा. आणि लावून झालं की दुसऱ्या पेटीचं झाकण काढा. तिच्या सोळा नंबरवर सकाळपासून हाका जरा जास्तच दिसतायत."

तो पेटीकडे वळला. त्याचा हात सवयीनं बटणाकडे गेला आणि अर्ध्यावरून परत आला. बाईनं वहीचं नवं पान काढलं, वर तारीख टाकली, चार ओळींचे चार रकाने आखले आणि पहिला आकडा मांडला.